आई, आता अंगावर काढू नकोस

लालबाग, मुंबई

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

गणपती गेले, चाळीतला गोंगाट एकदाचा थांबला, म्हणून आज सलग लिहायला बसले. फोनवर तू "इकडे सगळं बरं आहे, तू बाळाचं बघ" म्हणून विषय संपवतेस आणि बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. मला जे सांगायचंय ते दोघांनाही सांगायचंय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा आणि मधलं काही गाळू नका.

आधी छकुलीचं. रक्ताचा शेवटचा रिपोर्ट आला. ज्याची भीती होती ते नाही.

फोनवर मी सगळं सांगितलं नव्हतं, कारण माझंच मला धड कळत नव्हतं. सहा महिने होऊन गेले तरी ती मान नीट धरत नव्हती. इथल्या एका डॉक्टरांनी "गुटगुटीत मुलं आळशी असतात, होईल हळूहळू" म्हणून परत पाठवलं होतं. ह्यांना ते पटलं नाही, म्हणून आम्ही परळला मुलांच्या मेंदू-नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिला पाठीवर निजवलं आणि दोन्ही हात धरून हळूच बसतं केलं, तर डोकं मागेच राहिलं. मग पोटाखाली तळवा घालून तिला आडवी उचलली. त्या वयाचं बाळ मान वर काढतं, पाय ताणतं. ही मात्र दोरीवर टाकलेल्या ओल्या पंच्यासारखी दोन्ही बाजूंनी लोंबली. काखेत धरून उभी केली तर खांदे वर गेले आणि ती हातातून निसटायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. बाई मात्र शांतपणे गुडघ्याखाली रबरी हातोडीने ठोकत होत्या. पाय उडाला, तशा म्हणाल्या, "हे चांगलं." मग टॉर्च लावून बराच वेळ तिची जीभ बघितली, बारीक थरथर आहे का म्हणून. नव्हती.

त्यांनी आम्हाला समजावलं ते तुम्हालाही कळायला हवं, कारण आपल्याकडे "मूल अशक्त आहे, बदाम घाला" यावरच सगळं थांबतं. आपण स्वस्थ पडलेलो असतो तेव्हाही स्नायूंत थोडा ताण असतो. तो कमी असला की अंग सैल पडतं. ताकद ही वेगळी गोष्ट. छकुली पाय झाडते, खुळखुळा उचलते, म्हणजे ताकद आहे, ताण कमी आहे. आणि सैलपणा हा काही आजार नव्हे, ते नुसतं लक्षण. त्याच्या मागे काय आहे ते शोधावं लागतं. बहुतेक वेळा मूळ मेंदूकडे असतं. काही मुलांत गुणसूत्रांचा फरक असतो, डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते तसा. काहींची थायरॉइड जन्मापासून कमी असते. आईच्या अंगात बी-१२ कमी असेल तर अंगावर पिणारं बाळही सैल आणि मलूल होतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत हे बघायला मिळतं. थायरॉइड आणि बी-१२ वेळेवर कळले तर साध्या औषधाने भागतं, म्हणून ते आधी तपासले. आणि याच दोन गोष्टी "होईल हळूहळू" म्हणत बसलं तर हातच्या जातात. मला त्या आधीच्या डॉक्टरांचा राग येतो तो याचसाठी.

सगळ्यात जास्त भीती एसएमएची, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीची होती. २०२१ साली मुंबईतल्या बाळासाठी १६ कोटींचं इंजेक्शन आणायचं म्हणून लोकांनी पैसे जमवले होते, बाबांनी पेपरात वाचून दाखवलं होतं, तोच हा आजार. त्यात पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. आई-वडील दोघंही धडधाकट असतात, पण दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका. आता त्यावर औषधं आहेत, पहिलं २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण जितकं लवकर द्यावं तितका उपयोग. म्हणून हातोडीने पाय उडाला, जीभ थरथरत नव्हती, ही दोन्ही लक्षणं एसएमएच्या विरुद्ध असली तरी बाईंनी रक्त पाठवलंच. तो रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघं कसे राहिलो ते लिहीत नाही. तुम्हाला तेव्हा कळवलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तिकडे बसून तुम्ही काय केलं असतंत, नुसतं रडला असतात.

तर एसएमए नाही. थायरॉइड, बी-१२, स्नायूंची तपासणी, मेंदूचा एमआरआय, सगळं ठीक. मग बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे कुणाचे सांधे फार वळतात का?" आणि माझाच अंगठा धरून मनगटाकडे वाकवला. तो सरळ हाताला टेकला. करंगळी मागे ९० अंशांच्याही पुढे गेली. कोपर, गुडघे, वाकून तळवे जमिनीला टेकतात का, असं सगळं मिळून ९ गुणांचं मोजमाप असतं. माझे जवळजवळ सगळे भरले. शाळेत कवायतीच्या बाई मला पुढे उभं करायच्या ते याच्याच जोरावर.

आणि आई, मला तू दिसलीस. भाकरी थापताना तुझे अंगठे पार मागे वळतात. तू उभी राहतेस तेव्हा गुडघे मागच्या बाजूला झुकतात. आगोटीच्या आधी दर वर्षी तुझा पाय मुरगळायचा आणि आजी म्हणायची, "हिची हाडंच मेणाची." हाडं नव्हेत गं. हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल. त्या बंधांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याची घडण थोडी वेगळी असली की सांधे ताणले जातात, कातडी मऊ असते, घशातल्या कूर्चा मऊ राहतात. छकुलीच्या पहिल्या महिन्यांतली ती घुरघुर आठवते? आपण कफ म्हणत होतो, तू सुंठ-वेखंड उगाळलंस. तो कफ नव्हता. तिच्या स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ होता, श्वास घेताना आत ओढला जायचा. म्हणून उताणी निजवली की आवाज वाढायचा, पोटावर धरली की कमी व्हायचा. तान्ह्या बाळांच्या अशा आवाजाचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. बहुतेकांचं दीड-दोन वर्षांत आपोआप जातं, हिचं आता जवळजवळ गेलंच आहे.

या सैल सांध्यांमागे एलर्स-डॅनलॉस नावाचा गट आहे का, ते बाईंना इतक्यात ठरवायचं नाही. त्याचे १३ प्रकार मानतात आणि जो सगळ्यात जास्त आढळतो त्याची रक्ताची तपासणी अजून नाही, माणूस तपासूनच ठरवतात. नुसते घराण्यातले लवचीक सांधेही असू शकतात. काहीही असलं तरी छकुली चालेल, उशिरा चालेल, असं त्या म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आधाराशिवाय चालण्याची मुदत साडेसतरा महिन्यांपर्यंत जाते, त्यामुळे शेजारच्या बाळाशी तुलना नको. ती आता टेकू न देता बसते. खुळखुळ्यासाठी वाकते आणि पुन्हा सरळ होते. हे मी तुम्हाला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसत राहिले.

माझ्या सासूबाई परवा म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणीच नव्हतं." मी त्यांना सरळ सांगितलं, आमच्याकडे आहे. ही ठेवण पुढच्या पिढीत उतरायची शक्यता बऱ्याचदा अर्धी असते. माझ्यात उतरली, दादात नाही. फोनवर तू "माझ्यामुळे पोरीला" म्हणून रडलीस, ते पुन्हा म्हणायचं नाही. तुझ्याकडून मला हे अंगठे आले आणि तुझे डोळेही आले. तुला यातलं काही निवडून द्यायला कुणी विचारलं नव्हतं.

आता जे लिहायला बसले ते. वहिनीने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तिला तुझी काळजी वाटते. तुझं अंग बाहेर येतं आणि तू ते कित्येक वर्षं दडवून ठेवलंयस. चालताना ओटीपोटात ओढ लागते, लघवीला सारखं जावं लागतं, खोकला आला की कपडे बदलावे लागतात. म्हणून तू लग्नाकार्याला जायचं सोडलंस आणि आम्हाला गुडघ्याचं कारण सांगितलंस.

हे मी बाबांसमोर लिहितेय आणि मुद्दाम लिहितेय. बाबा, ही लाजेची गोष्ट नाही. तुमच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आळीभर सांगितलं होतंत ना? गर्भाशय, मूत्राशय यांना खालून स्नायूंची झोळी आणि बंधांचा आधार असतो. बाळंतपणांत तो ताणला जातो. पाळी गेली की हार्मोन कमी होऊन आणखी पातळ होतो. वर विहिरीवरून कळशा, बद्धकोष्ठ, चुलीच्या धुराचा खोकला. आणि ज्या बाईचे बंध मुळातच सैल, तिला हे जास्त. आईने काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. तिने राबायचं तेवढं राबलं.

यावर उपाय आहेत. सुरुवातीला त्या स्नायूंचे व्यायाम असतात, लघवी रोखताना जे आवळतो तेच आवळायचं आणि सोडायचं. हे १९४८ साली केगेल नावाच्या डॉक्टरांनी मांडलं आणि आजही तेच शिकवतात. पण नीट शिकवून घ्यावे लागतात, नाहीतर बायका भलतेच स्नायू आवळतात. जास्त असेल तर सिलिकॉनची रिंग बसवतात, तपासणीच्या टेबलावरच, भूल न देता. बायका ती लावून सगळी कामं करतात. त्यानेही भागलं नाही तर ऑपरेशन. कुठला उपाय तुझा, ते बघूनच ठरेल. म्हणून बघायला हवं. इथे मी स्त्री-रोगतज्ज्ञ बाई बघून ठेवल्यात, मराठी बोलतात, ओरडत नाहीत. तपासताना मी आत तुझ्याजवळ असेन.

गुडघ्यांचंही त्याच फेरीत दाखवू. छकुलीच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं मला फार पटलं. बंध सैल असले तर ते घट्ट करायचं औषध नाही, सांध्याभोवतीच्या स्नायूंना त्यांचं काम शिकवायचं. छकुली रोज पोटावर निजून मान उचलते, तू खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा. दोघी एकदम करा. फक्त गुडघा मागे झुकवून उभं राहायची ती तुझी सवय सोडावी लागेल, आणि ती जाता जात नाही, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगते.

इकडे आल्यावर छकुलीच्या बाबतीत काही गोष्टी पाळायच्या. मालिश हलक्या हाताने, हातपाय ओढून, कडकड मोडून नाही. पाय धरून उलटं झुलवणं तर बिलकूल नाही. तिला हात धरून उचलायचं नाही, कोपर निखळतं. एक हात ढुंगणाखाली, एक छातीमागे. आणि गावचा मध आणू नका. वर्ष पुरं व्हायच्या आत गुटीतही मध नाही. मधात कधी कधी बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजले तर त्याच्या विषाने धडधाकट बाळही सैल पडतं. वर्षानंतर खुशाल चाटवा. बाबा, तुम्ही फणसाच्या लाकडाचा पांगुळगाडा करताय असं दादा म्हणाला. तो करा, ती स्वतःहून धरून उभी राहिली की लागेलच. सासूबाईंनी सुचवलेला, आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र मी घेऊ दिला नाही. त्यात मूल पायांच्या बोटांवर लटकतं, चालायला शिकत नाही. कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदी आहे.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूसाठी दिवाळीनंतर यायचं ठरलंच आहे. तुम्ही लघवीसाठी टॅमसुलोसिनची गोळी घेता ना, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं. विसरायचं नाही. ती गोळी प्रोस्टेटच्या आसपासचे स्नायू सैल करते, त्याचबरोबर बुबुळाच्या आतला पडदाही सैल करते. ऑपरेशन चालू असताना तो फडफडतो आणि बाहुली आक्रसते. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या दोन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहिलं. आधी माहीत असेल तर सर्जन त्या तयारीने बसतात, पडदा धरून ठेवायला बारीक हूक असतात, औषधं असतात. गोळी मनाने बंद करू नका, बंद करून हा प्रश्न सुटत नाही आणि लघवी मात्र अडेल.

पण आईसाठी दिवाळीची वाट बघायची नाही. तुम्ही दोघं आत्ताच या, फराळ यंदा इथे करू. जनशताब्दीची तिकिटं दादा काढतोय, दादरला हे घ्यायला येतील. बाबांचे डोळ्यांचे जुने कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आईची बी.पी.ची वही पिशवीत वरच ठेवा. सामानाला आईने हात लावायचा नाही. निघेपर्यंत विहिरीवर दादा जाईल, त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

तुमची,
माई