फ्लोट वाकवून इथेनॉलचे गणित सुटत नाही

महोदय,

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे जुन्या मोटारसायकली कुरकुरतात, या तक्रारीत तथ्य आहे. पण त्यावर आमच्या भागातल्या काही गॅरेजांत जो उपाय चालतो, तो पाहवत नाही. गाडी पिकअप घेत नाही म्हटले की हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा कार्बोरेटर उतरवायचा, त्याच्या वाटीतल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पितळी जीभ पकडीने वाकवायची आणि वाटीतले पेट्रोल वर चढवायचे. मोजपट्टी नाही, व्हर्निअर नाही, सगळा नजरेचा अंदाज!

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. एक किलो निव्वळ पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) गाडी लीन चालते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. यामाहा आरएक्स १००सारख्या टू-स्ट्रोकमध्ये तर तेवढ्याने पिस्टन जाम होऊ शकतो. यावर इलाज मेन जेट एक नंबर मोठा टाकून स्पार्क प्लगचा रंग पाहणे. फ्लोट उचलला तर गाडी थोडा वेळ बरी वाटते खरी, पण साइड स्टँडवर लावली की ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकू लागते, तेही तापलेल्या इंजिनावर.

फ्लोट तपासायचाच तर नीट तपासावा. पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी काढा, पॅकिंग बाजूला ठेवा. कार्बोरेटर असा तिरपा धरा की जीभ नीडलच्या (वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) स्प्रिंग-पिनला नुसती टेकेल, ती दबता कामा नये. मग वाटी बसते त्या कडेपासून फ्लोटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजून मॅन्युअलशी ताडून पाहा. एका मिलिमीटरचाही फरक पडतो. आणि जीभ वाकवण्याआधी नीडलचे टोक पाहा. तिथे खाच पडली असेल तर कितीही वाकवा, गळती थांबत नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना, हे ऐकायला मी आयटीआयमध्ये शिकवताना मुलांना लावत असे. शेजारच्या वेल्डर ट्रेडची पोरे त्यावर हसायची. काही गाड्यांत जीभही प्लास्टिकचीच असते. ती वाकवायची नसते, फ्लोटच बदलायचा.

एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन रुळले. त्यामुळे नव्या मुलांच्या हाती कार्बोरेटर कमीच येतो, त्यांचा दोष नाही. पण खेड्यापाड्यांत दूधवाल्यापासून शिक्षकापर्यंत कितीतरी जण अजून कार्बोरेटरवरच गाडी हाकतात. कंपन्यांनी निदान बंद झालेल्या मॉडेलांचे फ्लोटचे माप आणि या पेट्रोलसाठी योग्य जेटचा नंबर मराठीत छापून पंपांवर आणि आयटीआयमध्ये लावावा. एका पानाचा तक्ता पुरेल.

– निवृत्त शिल्पनिदेशक (मोटर मेकॅनिक), जि. सांगली