दर शनिवारी आमच्या खो-खोच्या मैदानावर येणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, असे आपण बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. मात्र आभार चारचौघांत मानायला आपण मनाई केलेली नाही, आणि जी चूक मी पंधरा वर्षे करत आलो ती निदान आणखी काही क्रीडाशिक्षकांच्या हातून घडू नये, अशी मनापासून इच्छा असल्याने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आपली ओळख एका दुखापतीतून झाली. आमची नववीतली मुलगी स्पर्धेत संरक्षण करत असताना खांबापाशी वळली, तिचा पाय मॅटवर जागच्या जागी अडकला, अंग पुढे गेले आणि गुडघा आत मुडपला. तिला कुणाचाही धक्का लागला नव्हता. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटल्याचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या व्यायामांसाठी ती आपल्याकडे येऊ लागली. तिसऱ्या भेटीत आपण तिच्या वडिलांना म्हणालात, ‘हिच्या सरांना एकदा घेऊन या.’ बोलणी खायची तयारी ठेवूनच मी आलो होतो. आपण मात्र सरावाचा एखादा व्हिडिओ आहे का, एवढेच विचारलेत.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची, आणि तो सामना मोबाईलवर पाहिलेल्या कितीतरी मुली दुसऱ्याच आठवड्यात आमच्या मैदानावर आल्या. त्या उत्साहात मी सराव वाढवत नेला होता. मैदानाला फेऱ्या, मग शंभर बैठका, मग थेट खेळ. व्हिडिओत हेच होते. आपण तो चार-पाच ठिकाणी थांबवून पाहिलात आणि विचारलेत, ‘धावतात छान. पण थांबायला यांना कुणी शिकवले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

खो-खोचे सारे मैदान २७ मीटर लांबीचे. त्यात सरळ रेषेत सुसाट धावायला मिळते ते चार-दोन पावले. बाकी खेळ हुलकावणीचा, वळण्याचा, सूर मारण्याचा आणि एका पायावर अंग सावरण्याचा आहे. वयात येताना मुलींची उंची आणि वजन झपाट्याने वाढते, पण नितंबांची आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद त्याच वेगाने आपोआप वाढत नाही, त्यामुळे उडी टेकताना किंवा वळताना गुडघा आत पडू लागतो. वळण्या-थांबण्याच्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते, हे आपण मला समजावून सांगितलेत. त्याच दमात हेही सांगितलेत की हे काही नशिबाचे भोग नव्हेत. फुटबॉलपटूंसाठी ‘फिफा ११+’ नावाचा जो वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार झाला, तो आठवड्यातून दोनदा नियमाने करणाऱ्या संघांतल्या दुखापती लक्षणीय घटल्याचे दिसून आले आहे, आणि त्यातले बहुतेक व्यायाम साध्या मातीच्या मैदानावर करता येतात.

त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी आपण एसटीने आलात. हातात फक्त एक काठी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे होते. व्यासपीठाच्या खालच्या पायरीवर आपण एकेका मुलीला उभे केलेत आणि बाकीच्यांना डोळे मिटायला सांगितलेत. वरची मुलगी खाली उडी मारी आणि आपण विचारत असा, ‘आवाज किती आला?’ पहिल्या दिवशी प्रत्येक उडी धपकन वाजत होती. चवडा आधी, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, छाती पुढे. एवढे चारच शब्द पुन्हा पुन्हा. आवाज जवळजवळ येईनासा होईपर्यंत दुसरी उडी नाही, दोन पायांवर जमल्याशिवाय एका पायावर नाही, आणि एका पायावर जमल्याशिवाय वळणे नाही. या पायऱ्या चढायला सात आठवडे लागले. स्पर्धा तोंडावर असताना मी किती अस्वस्थ होतो, ते आपल्याला दिसत होते. तरीही आपण एकही पायरी गाळली नाहीत.

पाठीवर उभी काठी धरून डोके, पाठ आणि माकडहाड ही तिन्ही ठिकाणे काठीला टेकलेली ठेवत कमरेतून वाकणे, गुडघ्यांवर उभे राहून मैत्रिणीला घोटे धरायला लावून सरळ अंगाने हळूहळू पुढे झुकणे, वाळूची पिशवी छातीशी धरून बैठक मारणे, हे सारे नंतर आले. आमचे जुने जोर आणि बैठका आपण मोडीत काढल्या नाहीत, याचे मला फार समाधान वाटले. ‘जोरात ढकलणे आहे, बैठकीत उठणे-बसणे आहे, ओढणे तेवढे राहून गेले,’ असे म्हणून आपण मैदानाकडेच्या वडाला दोर बांधून घेतलात. मल्लखांबाची परंपरा असलेल्या मुलखात ही उणीव आम्हाला इतकी वर्षे कशी दिसली नाही, याचे नवल वाटते.

पालकसभेचा उल्लेख केलाच पाहिजे. वजन उचलले की मुलींची उंची खुंटते, ही शंका सगळ्यांच्या मनात होती आणि, खरे सांगायचे तर, माझ्याही मनात होती. आपण आवाज न चढवता सांगितलेत की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा नाही. उलट साधी उडी टेकतानाच शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतो, त्यापुढे पाच किलोंची वाळूची पिशवी ती काय. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरची एक आजी म्हणाली, ‘आम्ही भरलेले हंडे आणतच मोठ्या झालो की.’ त्या दिवसापासून विरोध मावळला.

पाळीविषयी मुली माझ्याशी कधी बोलल्या नसत्या. आपण त्यांच्याशी वेगळ्या बोललात. खूप सराव होत असताना पाळी लांबू लागली किंवा बंद झाली तर खाणे कमी पडत असू शकते, ते अंगावर काढू नका, असे आपण सांगितल्यावर दोघीजणी घरी मोकळेपणाने बोलल्या.

सातवीतल्या एका मुलीच्या बाबतीत मी चुकलो होतो, ते येथे लिहिणे माझे कर्तव्य आहे. गुडघ्याच्या वाटीखाली दुखते, असे ती महिनाभर सांगत होती आणि ती टाळाटाळ करते, असे मी समजत होतो. आपण दर महिन्याला भिंतीवर पेन्सिलीने मुलींची उंची नोंदवायला लावली होती. तीन महिन्यांत ती अडीच सेंटीमीटर वाढली होती. हाडे भराभर वाढत असताना मांडीचा स्नायू नडगीला जिथे जोडलेला असतो त्या कोवळ्या जागेला ओढ बसते, म्हणून तिथे उंचवटा येतो आणि दुखते, हे आपण मला बोट ठेवून दाखवलेत. तिला घरी बसवले नाहीत. उड्या आणि फेऱ्या कमी केल्यात, भिंतीला टेकून बसण्याचा व्यायाम दिलात, आणि दुखणे पाहून हळूहळू सराव वाढवलात. मी त्या मुलीची माफी मागितली आहे.

आणि आता नववीतली ती मुलगी. शस्त्रक्रियेला सात महिने झाले तेव्हा ती धावत होती, दुखत नव्हते, स्पर्धा जवळ आली होती, आणि निदान एक डाव तरी खेळू द्या, म्हणून तिच्या वडिलांनी आणि मी, दोघांनीही आपल्याला गळ घातली. आपण टेप घेऊन तिला एका पायावर उडी मारायला लावलेत. चांगला पाय १ मीटर ४२ सेंटीमीटर, दुखावलेला १ मीटर १० सेंटीमीटर. ‘नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि हा पाय दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय तर नाहीच,’ असे आपण तिच्याकडेच पाहून म्हणालात. ती रडली. आपण तिच्याजवळ मैदानात मातीत बसून राहिलात आणि संध्याकाळची एसटी चुकवलीत.

दहाव्या महिन्यात तेच आकडे १ मीटर ४६ आणि १ मीटर ३८ असे आले. मागच्या शनिवारी ती पहिल्यांदा पूर्ण डाव खेळली. खांबापाशी वळताना तिने आधी पाऊल आखूड केले, कमरेत खाली गेली, गुडघा बोटांच्या रेषेत राहिला, आणि ती निसटली. आपण त्या दिवशी येऊ शकला नाहीत, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

प्रवासखर्चसुद्धा आपण कधी घेतला नाहीत. आमच्या सर्व मुलींच्या, त्यांच्या पालकांच्या आणि माझ्या वतीने आपले अंतःकरणपूर्वक आभार मानतो. जूनमध्ये पाचवीच्या नव्या मुली येतील, त्यांना पायरीवरून उडी टेकायला मी स्वतः शिकवणार आहे. पहिला व्हिडिओ आपल्याला पाठवीन, चुका निःसंकोच सांगाव्यात.

आपला कृतज्ञ,
खो-खोचा एक क्रीडाशिक्षक