ठरावीक काम, ठरावीक मुदत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर नवरा-बायकोनं काय करावं यावर आपल्या सदरात बरीच पत्रं येऊन गेली. नातवंडं सांभाळा, हास्यक्लबात जा, नर्मदा परिक्रमा करा आणि 'जमेल तशी समाजसेवा' करा. या शेवटच्या 'जमेल तशी'बद्दल मला लिहायचं आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे नैरोबीला राहून आलो. पार्कलँड्समधल्या त्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक अमेरिकन जोडपं राहायचं. युटा राज्यातलं, दोघंही सत्तरीला टेकलेले. बाहेर निघताना दोघांच्या छातीवर काळी पाटी, तिच्यावर आडनाव आणि चर्चचं नाव. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं, त्या पंथाची ही माणसं. हा पंथ 1830 साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला, आज मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे. त्यांची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष जगभर धर्मप्रचाराला जातात, हे मी ऐकून होते. पांढरा शर्ट, टाय, दोघा-दोघांच्या जोड्या. पण घरदार, नातवंडं मागे ठेवून म्हातारी जोडपीही जातात, हे मला नवीन होतं. मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने. आपली पसंती कळवता येते, पण शेवटी चर्च पाठवेल तिथं जायचं. घरभाडं, किराणा सगळं स्वतःच्या खिशातून. युटातल्या प्रोव्हो शहरातल्या केंद्रात थोडे दिवस प्रशिक्षण, की निघाले.

आमचे यजमान एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. पहिल्याच आठवड्यात त्यांना खाली पार्किंगमध्ये ते गृहस्थ गाडीखाली वाकलेले दिसले आणि त्यांचं जमलं. एकाला मराठी नाही, दुसऱ्याचं इंग्रजी बेताचं, पण सस्पेन्शनचं बुश गेलं की आवाज कसा येतो हे दोघांनाही तोंडानं काढून दाखवता येत होतं. त्या गृहस्थांकडे मिशनच्या, म्हणजे प्रचाराला आलेल्या पोरांच्या, गाड्यांचं काम होतं. कुठली गाडी किती किलोमीटर चालली, टायर कधी बदलले, कुठल्या पोरानं बंपर कुठं ठोकला, विमा कधी संपतो. अमेरिकेत उजवीकडून गाडी चालवणारी पोरं केनियात डावीकडून चालवू लागली की काय होतं याची त्यांची एक वहीच होती. त्यात मटाटूवाले, म्हणजे तिकडचे खासगी मिनीबसवाले. ते कुठून घुसतील याचा भरवसा नाही.

बाईंकडे पोरं राहतात ती भाड्याची घरं. सकाळी दोघांचं धर्मग्रंथाचं वाचन झालं की त्या कागद घेऊन निघायच्या. गॅसची नळी, पाण्याचा फिल्टर, मच्छरदाणी फाटली आहे का, बेसिनमध्ये कधीची भांडी पडली आहेत. घरमालकांचं भाडं, पावत्या, परवान्यांची नूतनीकरणं. कुणाला जुलाब लागले की फोन बाईंना. एकोणीस वर्षांचा पोरगा आईला सांगणार नाही ते त्यांना सांगायचा. शिवाय आठवड्यातून एकदा चर्चमधल्या मुलांना की-बोर्ड शिकवायच्या, कारण रविवारी भजनाला साथ करणारं कुणी हवं असतं.

हे सगळं मी मुद्दाम बारकाईनं सांगते आहे. दारोदार फिरून धर्म सांगायची सक्ती या वयाच्या जोडप्यांवर नसते, तरुण पोरांचं कडक वेळापत्रकही त्यांना लागू नसतं. पण त्यांच्या नावावर काम असतं. ते झालं नाही तर कुणीतरी विचारतं. मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते. टेबलावर स्वतःच्या नावाची फाईल असणं म्हणजे काय, ते निवृत्त झाल्यावर कळतं.

त्यांच्याकडे चहा-कॉफी वर्ज्य. केनियात, जिथं पाहुण्याला दुधाचा चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, तिथं हे दोघं प्रत्येक घरी 'नको' म्हणत फिरायचे. मी चहापत्ती न घालता गवती चहा नि आल्याचा काढा करून दिला. बाईंनी तीनदा विचारून खात्री केली नि मग दोन कप प्यायल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे गरिबांसाठी चर्चला द्यायचे. आमच्या एकादशीला मी काय काय करते ते त्यांनी पाहिलं होतं. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी. दुप्पट खाशी म्हणतात ते यांना समजावून सांगायचं मी टाळलं.

एक मात्र त्या मनापासून बोलल्या. नवरा आयुष्यभर ऑफिसला जायचा, आता चोवीस तास बरोबर. एक गाडी, एक कार्यालय, एक स्वयंपाकघर. पहिले काही महिने भांडणं झाली म्हणे. मग त्याच्या गाड्या त्याच्या, माझी घरं माझी, असं वाटून घेतलं. यजमान निवृत्त झाल्यावर माझ्या फोडणीत मोहरी किती यावर बोलू लागले होते, तेव्हा मला आणखी ऐकायची गरज पडली नाही.

आता वाचकांच्या मनात जे आलं असेल ते बोलते. हे धर्मांतराचंच काम ना? हो. पोरं प्रचार करतात आणि त्यांच्या गाडीचं ऑइल बदललं की त्या प्रचाराला हातभार लागतो, हे मला कळतं. आम्हाला त्यांनी कधी पुस्तक दिलं नाही, पण तो त्यांचा भलेपणा. शिवाय याच चर्चनं सव्वाशे वर्षं, 1978पर्यंत, कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य दिलं नव्हतं. आफ्रिकेत सेवा करताना हे आठवतं का, असं मी विचारलं. आठवतं, आणि इथल्या माणसांसमोर ते सांगणं सोपं जात नाही, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यावर आमचा विषय थांबला. त्यांचा धर्म मला पटलेला नाही. त्यांची व्यवस्था पटली आहे.

आपल्याकडे असं काहीच नाही असं नाही. विवेकानंद केंद्रात वानप्रस्थी कार्यकर्त्यांची सोय आहे. तिथं निवृत्त माणसं पूर्ण वेळ काम करतात. पण बहुतेक ठिकाणी आम्ही 'काही काम असेल तर सांगा' म्हटलं की दोन उत्तरं येतात. एक, देणगीची पावती कोणत्या नावानं फाडू. दुसरं, 'या ना केव्हाही'. केव्हाही म्हणजे कधीच नाही. गेलं तर खुर्ची देतात, चहा देतात, संस्थेचा अहवाल दाखवतात आणि शाल-श्रीफळ देऊन परत पाठवतात. आम्हाला सत्कार नको आहे.

पैशांचंही बोलायला हवं, कारण अमेरिकेतल्या पेन्शनवर नैरोबीत राहणं वेगळं. मी जुन्या पेन्शन योजनेतली आहे, माझं भागतं. यजमानांना ईपीएस-95चं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतलं, तुटपुंजं पेन्शन. त्याचा आकडा एसटीतल्या कुठल्याही निवृत्ताला विचारा, तो आधी हसेल. त्यामुळे 'स्वखर्चानं या' असं सगळ्यांना म्हणता येणार नाही. एक खोली आणि दोन वेळचं जेवण संस्थेनं दिलं तर माझ्यासारखी पुष्कळ जोडपी निघतील. ज्यांच्या घरी नव्वदीचे आईवडील आहेत, ती निघणार नाहीत. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

मुलं काय म्हणतील, हा आणखी एक प्रश्न. त्या बाईंना नैरोबीत असताना नात झाली. त्यांनी ती फोनवर पाहिली, रात्री, कारण तिकडे दुपार असायची. वाईट वाटलं का, म्हटलं. वाटलं, म्हणाल्या, आणि उठून ओव्हनमधली बिस्किटं बघायला गेल्या. माझी सून परवाच म्हणाली, आई, तुम्ही लांब गेलात तर बाळाचं कसं? तिचंही चूक नाही. पण आमचं वय काही बाळाच्या शाळेसाठी थांबणार नाही.

म्हणून ही विनंती. आश्रमशाळा, वसतिगृहं, ग्रामीण रुग्णालयं, गोशाळा चालवणाऱ्या संस्थांनी आपल्या सदरातून एवढंच कळवावं : काम कोणतं, किती महिने, राहायची सोय काय, कुणाला जबाब द्यायचा, आणि जोडपं चालेल का. आमच्यापुरतं सांगायचं तर यजमान जीपपासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही उघडून पुन्हा जोडतात. मी कीर्द-खतावणी लिहिते, लेखापरीक्षणाच्या शंकांची उत्तरं तयार करते. दोघांनाही साखर आहे, दवाखाना तासाभराच्या अंतरावर हवा. जूनपासून एक वर्ष मोकळे आहोत. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

– एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, सांगली