इकडे तोड, तिकडे छाटणी

एस्लिंगन (जर्मनी), ४ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि अण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपण बोलतो खरं, पण आई, तुझंच म्हणणं असतं की फोन ठेवला की निम्मं विसरायला होतं. आणि अण्णा तर "बरंय ना सगळं?" एवढं विचारून फोन तुझ्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून हे पत्र. अण्णांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायचं आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

आधी तुमचं सांगा. द्राक्षाची छाटणी धरली का? इथं मोबाइलवर महाराष्ट्रातला पाऊस बघून जीव वरखाली होत होता. दादा म्हणाला, वाफसाच येत नाही, घाईनं छाटून पोंग्यातच, कोवळ्या फुटीवरच, डावणीची बुरशी आली तर सगळा खर्च पाण्यात. थांबलात ते बरं केलंत, असं मला वाटतं. अर्थात मला कोण विचारतंय! चाळीतला कांदा काढला का, की अजून भावाचीच वाट?

इथं द्राक्षाची तोड झालीसुद्धा. आमच्या गल्लीच्या वर, नेकार नदीच्या उतारावर बागा आहेत हे तुम्ही फोटोत पाहिलंय, पण फोटोत चढ कळत नाही. चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध एकावर एक आणि मधून अरुंद पायऱ्या. ट्रॅक्टर चढायचा प्रश्नच नाही, सगळं हातानं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या तिथं थोड्या ओळी आहेत. तोडीला घरचे, शेजारचे, त्यांचे शाळेतले मित्र असे सगळे जमतात. मजुरी म्हणजे दुपारचं जेवण आणि जाताना एक बाटली. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मलाही बोलावणं आलं.

आजोबा मला कात्री कशी धरायची ते शिकवायला आले होते. मी तोडलेले दोन घड त्यांनी पाहिले आणि काही न बोलता पुढच्या ओळीला गेले. अण्णा, तुमची मुलगी आहे म्हटलं! घड मात्र आपल्या थॉमसन जातीपुढे अगदीच पोरसवदा, मुठीत मावतील एवढे. मणी बारके, बियांचे. विरळणी नाही, घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही. खायला कुणी लावतच नाही, सगळी वाइनची. ही रीस्लिंग नावाची पांढरी जात. सडका मणी कात्रीच्या टोकानं उडवायचा, घड नाकाशी धरायचा, आंबूस वास आला तर खाली टाकायचा. बादलीभोवती गांधीलमाश्यांची ही गर्दी! दुपारपर्यंत बांध इतके तापले की पाठ टेकवत नव्हती. आजोबा म्हणाले, हा दगडच आमचा खरा गडी. दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं.

मग त्यांनी खिशातून काय काढलं असेल? आपल्या कपाटाच्या वरच्या खणात असतो ना, तसाच रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. एक मणी काचेवर पिळला आणि मला बघायला दिला. आकडा नव्वद! मी दचकलेच. मग कळलं, हे लोक साखर ब्रिक्सवर नाही, एक्सलेवर मोजतात. एक्सले म्हणजे जवळच्याच फोर्त्सहाइम गावचा एकोणिसाव्या शतकातला सोनार, त्याच्या नावाचं हे माप. नव्वद म्हणजे तुमच्या ब्रिक्समध्ये साधारण साडेएकवीस. आपण सतरा-अठराला तोड धरतो, हे सांगितल्यावर आजोबांनी तोंड आंबट केलं. मग मी सांगितलं की आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी. त्यांना खरंच वाटेना. इथं वेल थंडीत पानं गाळून झोपते आणि जानेवारी-फेब्रुवारीत एकदाच छाटतात. आपल्याकडे तिला झोपवण्याएवढी थंडी नाही, म्हणून कात्री लावून आणि डोळ्यांना पेस्ट चोपडून आपणच तिला उठवतो, असं सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, "मग ती बिचारी विसावा कधी घेते?" म्हटलं, वडिलांना विचारून सांगते. तेव्हा अण्णा, उत्तर पाठवा. मार्चमधला तोडीनंतरचा विसावा मला आठवत होता, पण किती दिवसांचा ते तुम्हीच लिहा. आजोबा जिन्यात गाठून विचारतात.

त्या शनिवारी घामाघूम झालो आणि सोमवारी घटस्थापनेला कपाटातून स्वेटर काढले. इथं ऋतू असा एका रात्रीत कूस बदलतो. योगायोग बघा, यंदा घट बसले २२ सप्टेंबरला आणि दिवस-रात्र सारखेही त्याच तारखेला. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, ईशानला झोपवायचं म्हणजे पडदे ओढून रात्रीचं सोंग आणावं लागतं. आता सातलाच दिवे. मला हे आवडतं, खरं सांगू? उन्हाळ्यात घरात बसलं की काहीतरी वाया घालवतोय असं वाटत राहतं, सगळी जनता बाहेर, सायकली, तळी, शेगड्या. आता वरणभाताचा कुकर लावून खिडकीत बसलं तरी कुणी नावं ठेवत नाही. ऊन असतं तेही तिरपं, मवाळ. दुपारी चारला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर येतं आणि मसाल्याचा डबा उजळतो. मी मुद्दाम तेव्हाच चहा टाकते.

घटातलं धान्य मात्र रुसलं होतं. गॅलरीतल्या कुंडीतली माती, दुकानातले गहू, सगळं आई, तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं, पण पाच दिवस नुसतं टोक. १ ऑक्टोबरला इमारतीचं हीटिंग सुरू झालं, तसा घट उचलून त्याच्या वरच्या खिडकीपाशी ठेवला, तेव्हा कुठे दसऱ्याला बोटभर हिरवं दिसलं. निखिलच्या टोपीत खोचलं. जावईबापू तसेच ऑफिसला गेले.

आपट्याचं काय करतेस, असं तू दर वर्षी विचारतेस. इथं रस्त्याकडेला गिंको नावाचं झाड असतं, मूळचं चीनचं. पान अगदी आपट्यासारखं, मधोमध चीर गेलेलं, आणि थंडी वाढली की खरोखर सोन्यासारखं पिवळं होतं. दसऱ्याला अजून हिरवंच होतं, कडेला तेवढी पिवळी किनार. इथली मराठी मंडळी तेच एकमेकांना देतात. ईशाननं वर्गात बाईंनाही नेऊन दिलं. पोरगा सप्टेंबरात पहिलीत गेला ना, बाई म्हणजे आता देव! पहिल्या दिवशी इथं मुलांना खाऊ भरलेला मोठा रंगीत कागदी शंकू देतात, त्यातला खाऊ अजून संपलेला नाही. खिशात मात्र रानटी चेस्टनट. खाता येत नाहीत, नुसते गोळा करायचे, काड्या टोचून घोडे-हरणं करायची. कपडे धुवायच्या यंत्रातून खडखडाट आला की समजायचं, खिसा तपासायचा राहिला. पतंगही आत्ताच उडवतात इथं, कापणी झालेल्या मोकळ्या शेतात. मांजा नाही, काटाकाटी नाही, कुणी "गई बोला रे" म्हणून ओरडत नाही. येवल्याची संक्रांत पाहिलेल्या माणसाला हे फारच अळणी वाटतं.

आई, आता खास तुझ्यासाठी. या गावाचं आणि कांद्याचं जुनं नातं आहे. गोष्ट अशी सांगतात की सैतान माणसाचं रूप घेऊन एस्लिंगनच्या बाजारात आला आणि एका बाईकडे सफरचंद मागितलं. बाईनं त्याचा पाय पाहिला, ओळखलं आणि सफरचंदाऐवजी कांदा दिला. तो कचकन चावला, डोळ्यांतून पाणी काढत गावाला शिव्या घालत पळाला. तेव्हापासून इथल्या लोकांना 'कांदेवाले' म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. आपण निफाडचे, म्हणजे मी इथं परकी कशी?

या दिवसांत इथं कांद्याचा केक करतात, त्स्वीबलकूखन. केक नावालाच. खाली पावासारखं आंबवलेलं पीठ, वर मंद आचेवर भरपूर वेळ परतलेला कांदा, साय, अंडं आणि शहाजिऱ्यासारखं एक जिरं, आणि मग भट्टीत भाजायचं. डुकराचं मांस घालतात, ते न घालता सांगावं लागतं. यासोबत पितात ती नवी वाइन, म्हणजे अर्धवट आंबलेला द्राक्षाचा रस. दिसायला उसाच्या रसासारखा गढूळ, चवीला गोड, आणि पोटात गेल्यावर वर्मावर बोट. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आत आंबणं चालूच राहतं आणि घट्ट बसवलं तर फुटेल. आडवी ठेवायची नाही, नाहीतर सगळी पिशवी चिकट. (अण्णा, मी एक पेला घेतला होता. हे आईला वाचून दाखवू नका.)

ही नवी वाइन शेतकऱ्याच्या घरीही मिळते. द्राक्षवाल्यांना वर्षातले चारेक महिने आपल्या कोठारात बाकं टाकून स्वतःची वाइन आणि जेवण विकायची मुभा आहे. उघडं आहे हे कळावं म्हणून दारावर खराटा टांगतात. आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी, म्हणून असा टांगलेला खराटा दिसला की माझा हात आपोआप छातीशी जातो. पण कल्पना चांगली आहे. मध्ये व्यापारी नाही, आडत नाही, पट्टी नाही. दादाच्या कानावर घाला.

काल इथं सुट्टी होती, जर्मनी एक झाल्याचा दिवस. सफरचंदं गोळा करायला गेलो होतो. ज्या झाडाला पिवळी फीत बांधली आहे, त्याची फळं कुणीही घरच्यापुरती न्यावीत, अशी पद्धत आहे. मालकाला वय झाल्यामुळे किंवा वेळ नसल्यामुळे तोडणं जमत नाही, आणि फळ सडू द्यायचं जिवावर येतं. अण्णा, तुम्ही म्हणाल, आपण फीत बांधली तर सकाळी बागच जागेवर राहणार नाही. असो. पोती भरून गिरणीवर नेली, समोर धुतली, चेचली, दाबली आणि रस गरम करून पाच-पाच लिटरच्या पिशव्यांत भरून दिला. वर्षभर टिकतो. घरभर सध्या सफरचंदाचा वास आहे.

आता मुद्द्याचं. शेजारच्या श्टुटगार्टमध्ये सध्या मोठी जत्रा चालू आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी इथं उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. त्यातून सावरल्यावर इथल्या राजानं १८१८ मध्ये शेतीचं प्रदर्शन म्हणून ही जत्रा सुरू केली. मधोमध फळा-धान्यांनी सजवलेला उंच खांब असतो. आता पाळणे आणि बियरच जास्त, पण दर चार वर्षांनी जत्रेला जोडून मोठं शेतीप्रदर्शन भरतं आणि पुढचं २०२६ला आहे. अण्णा, तुम्ही दोघांनी यावं असं मला फार वाटतं. सप्टेंबरच्या शेवटी असतं, म्हणजे छाटणी तोंडावर, हे मला कळतं. दादा आहे, वहिनी आहे, एक वर्ष त्यांच्या हातानं होऊ द्या की. "बघू" असं लिहू नका, त्याचा अर्थ मला माहीत आहे.

पासपोर्टचे फॉर्म दादाकडे पाठवलेत, सह्या तेवढ्या करा.

आणि फोनचं लक्षात ठेवा. २६ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे जातात. आता आपल्यात साडेतीन तासांचा फरक आहे, तो साडेचार होईल. तुमचा रात्री नऊचा फोन मला दुपारी साडेचारला येईल, तेव्हा मी ईशानला आणायला शाळेत असते. म्हणून दिवाळी झाली की दहाला करा, किंवा मीच करेन. भाऊबीज त्याआधीच आहे, ओवाळणी जुन्या वेळेतच घेईन, असं दादाला सांगा.

तुमची,
मनू

ता. क. आई, भाजणी पाठवशील तेव्हा दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी एक फुटली होती. आणि आजोबांसाठी मूठभर आपला बेदाणा टाक. द्राक्ष वाळवूनही पैसे होतात, हे त्यांना दाखवायचं आहे.