पडण्याची लाज नसते त्यांना

संपादक महोदय,

मुलांना काय शिकवायचं यावर सगळेच बोलतात, पण त्यांच्याकडून आपण काय घ्यावं यावर फारसं कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या टीमचा २०१२ सालचा अभ्यास आहे, १२ ते १९ महिन्यांची बाळं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, म्हणजे बघा ना, एवढं आपटूनही रांगण्यावर समाधान मानत नाहीत, उठतात की निघाली! आपण मोठी माणसं एका इंटरव्ह्यूत नाकारलं गेलो तर पुढचा अर्ज भरायलाही घाबरतो. दुसरं म्हणजे भांडण. सकाळी कट्टी, दुपारी बट्टी, मनात काही साठवून ठेवणं नाही, आणि घरातल्या मोठ्यांचे अबोले मात्र आठवडेच्या आठवडे चालतात, याचं खरंच वाईट वाटतं. कळलं नाही तर लगेच विचारतात तेही किती छान. मला वाटतं पालकांनी रोज थोडा वेळ फोन बाजूला ठेवून, काहीही न शिकवता, नुसतं मुलांजवळ बसावं आणि खेळ कुठला ते त्यांनाच ठरवू द्यावं.

– एक पालक