मफलर मिळणार नाही

चिपळूण,
९ फेब्रुवारी

प्रिय बाप्या,

तुझा मफलर सापडला, पण परत मिळणार नाही. का ते एका ओळीत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून फोन न करता पत्र लिहायला बसलोय. (तसाही कोकणात मफलर घेऊन येणारा नागपूरकर तूच एक. आमच्याकडे जानेवारीतही दुपारी पंखा लागतो.)

जाताना स्टेशनवर तू म्हणालास, "तुझ्याकडे मांजर आहे ही शुद्ध थाप आहे." आईला ते फार लागलंय. पाहुणे बघायला यावेत आणि मुलीने माळ्यावर जाऊन बसावं, तशी आपली गत झाली म्हणते. पण खरं सांगू का, तुला सुकट दिसली नसली तरी तिने तुला पुरता बघून घेतलाय.

तू दारातून "काकूऽऽ" अशी हाक मारलीस आणि ती थेट कपाटावर, गोधड्यांच्या चळतीमागे. दुपारी आपण जेवत होतो तेव्हा माझ्या जागेवरून तिचा एक कान दिसत होता. तू बोलायला लागलास की कान तुझ्याकडे वळायचा, हसलास की आडवा पडायचा. तू तिसऱ्यांदा सोलकढी मागितलीस तेव्हा मात्र चांगला ताठ उभा राहिला.

रात्री घर झोपलं की तिचा दिवस सुरू. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठलो तर बाई तुझ्या बुटापाशी. आत नाक घातलं, बाहेर काढलं आणि तोंड अर्धवट उघडं टाकून तशीच बसून राहिली. घाबरू नकोस, शिसारी आली नव्हती. मांजराच्या टाळूत वास घ्यायचं आणखी एक इंद्रिय असतं, महत्त्वाचा वास असला की ते तोंड उघडून तिथपर्यंत ओढून घेतं. तुझा बूट महत्त्वाचा ठरला एवढं समज. दुसऱ्या रात्री बॅग झाली.

तिसऱ्या रात्री तुझं पाऊल पांघरुणाबाहेर होतं. ती ज्या तऱ्हेने तिथवर आली ते बघायला तू जागा हवा होतास. मागचे दोन पाय दाराशीच, पळायच्या तयारीत रोवलेले. पुढचं अंग मात्र रबरासारखं लांब होत होत तुझ्या अंगठ्यापर्यंत गेलेलं. सगळी सुकट म्हणजे हेच बघ, मागून भित्री आणि पुढून चौकस, आणि दोघींची एकमेकींशी बोलणी झालेली नाहीत. तिने अंगठ्याला एकदाच पंजा लावला. तू झोपेत पुटपुटलास, "अगं, थांब ना." कोणाला म्हणालास ते तुझं तू बघ. ती थांबली नाही.

ती अशी का, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. २२ जुलै २०२१ चा तो पूर. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर जिन्याखालचा चिखल उपसत होतो, तर मीटरच्या पेटीवर काहीतरी चिकटलेलं दिसलं. मला वाटलं ओली चिंधी आहे. चिंधीने बोट फाडलं तेव्हा कळलं. इतकी वाळकी होती की आईने त्याच दिवशी सुकट नाव ठेवलं. गुरांच्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं की दुधाचे सगळे आलेत, दोन महिन्यांची असेल. मग म्हणाले, "जरा उशीरच झाला हो." पिल्लाचं माणसाशी जे जमायचं ते साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जमतं. त्या दिवसांत ज्याला माणसाचा हात लागत नाही त्याला पुढे प्रत्येक माणूस नव्याने तपासावा लागतो. मादी आहे हे मात्र त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. काळा, पांढरा आणि भगवा असे तिन्ही रंग एका अंगावर म्हणजे जवळजवळ नेहमी मादीच.

मला तिने तपासायला पाच महिने घेतले. मी मांडी घालून बसायचो आणि तिच्याकडे बघायचं टाळायचो. कधी नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचो, सावकाश उघडायचो. आईला वाटायचं मला चष्मा लागला. पण २०२० साली इंग्लंडात ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी हे चक्क तपासून पाहिलंय. परक्या माणसाने असे डोळे मिचकावले तरी मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त जातात. संक्रांतीच्या आसपास एकदा तिने कपाटावरून उलट डोळे मिटले. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो, कारण विचारल्यावर खोटं सांगितलं.

आता मफलर. तू तो खुर्चीच्या पाठीवर विसरलास. माणूस गेला आणि वास मागे राहिला, तिला याहून सोयीचा पाहुणा कोणता? दोन दिवस लांबून नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी पंजाने खाली पाडला आणि स्वतःच दचकून न्हाणीघरात पळाली. चौथ्या दिवशी तोंडात धरून कपाटावर नेला. रोज त्याला गाल घासते. गालात त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे सातबाऱ्यावर तिचं नाव चढलंय. आई धुवायला घेणार होती, मी नको म्हटलं.

मे महिन्यात आंब्याला येशील तेव्हा हाक जरा हळू मार. कपाटाकडे टक लावून बघू नकोस आणि पाय पांघरुणाबाहेर ठेव. बूट तेच आण, नवे घेऊ नकोस, नाहीतर बिचारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तुझा,
बाळ्या

ता. क. आईने कुळथाचं पीठ पाठवलंय. पिशवीला केस चिकटले असतील, झटकून घे.