त्या रविवारी काहीच न दाखवल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर ज्या फोनमध्ये होता तो फोन मी परत येताना मुंबई विमानतळावर हरवला. म्हणून हे पत्र असं चारचौघांत. तुमच्या मॉरिशसच्या वाकोआ गावात कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. तुम्ही शाळेत मराठी शिकलात, देवनागरी सावकाश का होईना वाचता, असं म्हणाला होतात. तेव्हा मराठीतच लिहिते.

मे महिन्यातला रविवार, आमच्या मॉरिशस सहलीचा चौथा दिवस. सकाळी साडेसातला न्यायला येणारी गाडी नऊ वाजले तरी आली नव्हती. कंपनीचा माणूस दर फोनला ‘पंधरा मिनिटांत’ म्हणत होता. मी आणि नवरा रिसेप्शनसमोर हळू आवाजात, पण जोरात भांडत होतो. मुलगा हातात यादी घेऊन उभा होता: शामारेलची सातरंगी माती, धबधबा, ल मोर्नचा डोंगर, रम कारखाना. तुम्ही कुणाला तरी सोडायला आला होतात. नंतर म्हणालात, “मराठीत भांडण ऐकलं, म्हणून थांबलो.”

तुम्ही यादी वाचलीत. मग सोफ्यावर बसलेल्या आमच्या आईच्या पायांकडे पाहिलंत. चप्पलचा पट्टा सुजेत रुतला होता. “आई थकला,” म्हणालात. मी हसले आणि वर तुम्हाला दुरुस्तही केलं, “थकली.” तुम्ही निमूट “थकली” म्हणालात आणि तिच्यासाठी गाडीचं दार उघडलंत. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. चार दिवस आम्ही व्याकरणशुद्ध मराठीत बोलत होतो आणि ती थकल्याचं आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं.

“आज डोंगर नको. आज लामेर,” असं म्हणत तुम्ही आम्हाला फ्लिक आं फ्लाकला नेलंत. लामेर म्हणजे समुद्र, हा तिथल्या क्रिओल भाषेतला शब्द मुलाने तेवढ्यात पाठ केला. वाटेत पश्चिम किनाराच का ते सांगितलंत: या दिवसांत वारा आग्नेयेकडून येतो, पूर्वेकडचं पाणी खवळतं, आणि मधल्या डोंगरांच्या आडोशाने ही बाजू शांत राहते. आमच्या कंपनीने आदल्या दिवशी नेमकं पूर्वेला नेऊन चार तास वारा खायला घातला होता, ते मी तेव्हा बोलले नाही.

तिथे सार्वजनिक किनाऱ्यावर तुमचं सगळं घरदार आधीच येऊन बसलं होतं. चटया, पातेली, पत्त्यांचा डाव, झाडाला बांधलेली झोळी. आईने वर पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही तर सुरूची झाडं!” तुम्ही त्यांना फिलाओ म्हणता. दापोलीकडच्या बाईला सुरूच्या सावलीत बसवल्यावर पुढचं काही सांगावं लागत नाही. ती चपला काढून आडवी झाली आणि दीड तास घोरली. आम्हाला कळेना की आता करायचं काय. नवऱ्याने दोनदा घड्याळ पाहिलं. तुमच्या बहिणीने त्याच्या हातात मिरचीमीठ लावलेला अननस दिला, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

धोलपुरीबद्दल आईचं मत तुम्हाला सांगायचं राहिलं. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली ती मऊ पोळी, त्यावर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचं कालवण, आणि तिखट. आई म्हणते, “पुरणपोळीच ती, गूळ बोटीत सांडला.” तीन खाल्ल्या तिने. व्हॅनिलाचा चहा मात्र तिला पटला नाही. आइस्क्रीम उकळून दिल्यासारखं लागतं म्हणाली. तुमच्या काकींनी तिच्यासाठी पुन्हा साधा चहा कुठून तरी मिळवला, तेही आभारांत धरा.

आणि पाण्याचं. आईचं माहेर समुद्राला लागून, पण बायकांनी समुद्रात शिरायचं नाही, मासळी उतरवताना गुडघाभर भिजायचं तेवढंच. चौऱ्याहत्तर वर्षांत ती कधी गळ्यापर्यंत पाण्यात गेली नव्हती. तिथे दूर प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटून पांढरी रेघ दिसते आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं पडून असतं. तुम्ही तुमच्या आईचे रबरी बूट आणलेत, कारण दगडांत समुद्री साळू असतात आणि काटा पायात मोडला की निघत नाही. काकींनी एक हात धरला, मी दुसरा. ती लुगड्यासकट आत गेली, बसली, आणि पाणी खांद्यापर्यंत आल्यावर मोठ्याने ‘सुखकर्ता’ म्हणायला लागली. काकींना मराठी बोलता येत नाही असं तुम्ही सांगितलं होतं. पण आरती त्यांना आमच्याहून जास्त पाठ होती, शेवटच्या कडव्यापर्यंत. तुमच्याकडे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते हे मुलाला तेव्हाच कळलं, आणि त्याने तिथेच राहायला येण्याचा ठराव मांडला.

दुपारी शेजारच्या कुटुंबाने शेगोटी पेटवून रावान तापवलं. बकऱ्याच्या कातड्याचं ते वाद्य आगीवर धरून ताणून घेतात, जसा आपल्याकडे डफ धरतात. मग सेगा, तिथला नाच. माझा नवरा नाचला. याचा पुरावा आमच्याकडे नाही, तुमच्याकडे असल्यास कृपया नष्ट करावा.

शामारेल राहिलं. ल मोर्न आम्ही आडवं पडूनच पाहिला, दक्षिणेला, दिवसभर रंग बदलताना. गुलाम पळून त्या डोंगरावर लपायचे हे तुम्ही सांगितलंत आणि मग बराच वेळ गप्प होतात. तेव्हाच तुम्ही फोनमधला तो फोटो दाखवलात: मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतून मिळवलेली तुमच्या खापरपणजोबांची नोंद. मुंबईहून बोटीने आलेले, वय बावीस, जिल्हा रत्नागिरी, गाव इंग्रज कारकुनाने लिहिलेलं ‘डाबूल’. ते नकाशावर सापडत नाही म्हणालात. पोर्ट लुईला, भारतातून आणलेले करारबद्ध मजूर जिथे उतरायचे त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांसमोर आम्ही दोन दिवस आधी वीस मिनिटं उभे राहून फोटो काढले होते. तिथून एक माणूस वर चढला होता एवढं त्या वीस मिनिटांत सुचलं नव्हतं.

आईने चष्मा लावला. “अरे बाळा, डाबूल कसलं, दाभोळ! आमच्या तालुक्यातलं बंदर आहे ते.” तुम्ही तिच्याकडून तो शब्द चार वेळा म्हणून घेतलात. ‘भ’ नीट येईपर्यंत. यावेळी मी हसले नाही.

सूर्य पाण्यात गेल्यावर आम्हाला हॉटेलवर सोडलंत, आणि दिवसभराचे पैसे विचारले तर फक्त जाण्यायेण्याचे घेतलेत. “रविवारी मी तिकडे जातोच,” म्हणालात.

डिसेंबरात आम्ही दाभोळला जाऊन आलो. आईचाच हट्ट. धक्क्यावर उभं राहून, पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट भरताना तिने तुमच्यासाठी व्हिडिओ काढायला लावला. त्यात निम्मा वेळ तिचा अंगठा आहे, पण खाडी दिसते. नंबर पाठवलात की लगेच धाडते. कधी आलात तर दापोलीला आमचं घर आहे, दाभोळला मी स्वतः घेऊन जाईन.

आणि तुमच्या आईचे बूट आमच्या सामानात आले आहेत. हॉटेलात बॅग भरताना लक्षातच आलं नाही. परत करायचे आहेत, पण सध्या आमची आई ते घालून रोज अंगणात झाडांना पाणी घालते, तेव्हा थोडा वेळ द्या.

तुमची,
ठाण्याची ताई